तुझी वही घरीच राहिली

नागपूर, रविवार रात्र

चि. मीनू हिस अनेक आशीर्वाद.

तू सर्बियात, बेलग्रेडला पोचल्याचा निरोप आईच्या फोनवर आला. माझ्या फोनवर काही आलं नाही आणि त्याबद्दल तक्रार करायचा मला अधिकार नाही. गुरुवारी तू निघालीस तेव्हा मी पाण्याची टाकी बघतो म्हणून गच्चीवर गेलो आणि वरच बसून राहिलो. टाकीला काहीही झालेलं नव्हतं. पिंट्यानं तुझी मोठी बॅग गाडीत टाकली. तू एकदा वर बघितलंस आणि मी कठड्यामागे सरकलो. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली तेव्हा मागचा लाल दिवा तेवढा दिसला. सोनेगाव विमानतळ आपल्या घरापासून वीस मिनिटांवर. तेवढं अंतर तुझ्यासोबत यायला तुझ्या बापाला जमलं नाही. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

हे पत्र माफी मागायला लिहितो आहे. तुझ्या शाळेतल्या नोकरीच्या राजीनाम्याचा विषय काढणार नाही, आजीच्या फोटोसमोर बसून तसं ठरवलंय. पोस्टानं पाठवायचं तर किती दिवस लागतील कोण जाणे, म्हणून पिंट्या याचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. अक्षर समजून घे.

काल तुझ्या खोलीतला कूलर काढायला गेलो. त्याच्या मागच्या फळीवर तपकिरी पुठ्ठ्याची दोनशेपानी वही पडलेली होती, वर 'मा. मा.' लिहिलेली. मला वाटलं शाळेतल्या मुलींची हजेरी असेल. उघडली तर पहिल्याच पानावर मारिना माल्कोविच, सर्बियाची बास्केटबॉल प्रशिक्षक, जन्म 1981, बेलग्रेड. तुला न विचारता वाचली. दोनदा वाचली. तू बॅगेत भरायची विसरलीस की मुद्दाम ठेवून गेलीस, हे अजून माझ्या लक्षात येत नाहीये.

सर्बिया आपल्या घरात कधी शिरला ते मला पक्कं आठवतं. 2017 चा जुलै. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते आणि ऑगस्टमधली रेल्वेची ट्रायल गेल्यात जमा होती. घरात कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. तुझ्या पायाखाली दोन उशा, समोर स्टुलावर पाण्याच्या बाटलीला टेकवलेला माझा मोबाइल. बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियममध्ये आशिया कपच्या ब गटाची फायनल चालली होती, आपल्या मुली आणि कझाकस्तान. 75-73. दोन गुणांनी जिंकलो. तू ओरडलीस, पाय हलला, आणि कळ आली म्हणून रडायला लागलीस. की त्यासाठी नव्हतीस रडत, देव जाणे. मग डोळे पुसून विचारलंस, 'बाबा, आपल्या बेंचवरचे ते गोरे सर कोण?' झोरान विशिच. सर्बियाचे. ऑपरेशन झाल्यापासून तू स्वतःहून काही विचारलंस ते हे पहिलं. दुसऱ्या दिवसापासून तू सर्बियाचे सामने शोधायला लागलीस, आणि तिथून या बाईंपर्यंत पोचलीस. तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, पोरीचं मन कशात तरी रमलं. ते रमणं तुला सात वर्षांनी उचलून इतक्या लांब नेईल असं काही मनात आलं नव्हतं.

वहीत तू दोन शाया वापरल्या आहेस. विजय हिरव्या शाईनं, अर्धं अर्धं पान, कोणी किती गुण केले, कोणता डिफेन्स लावला, सगळं. आणि पराभव साध्या निळ्या पेननं, एकेका ओळीत. बहुतेक तुझ्या लक्षातही आलं नसेल. मी मात्र निळ्या ओळींवरच अडकत गेलो. तिथं तू काहीच लिहिलेलं नाहीस. हरल्यावर त्या बाई कुठे गेल्या, कोणाशी बोलल्या, जेवल्या का. तेच मला वाचायचं होतं.

तिच्या वडिलांचं पान मी सगळ्यात आधी वाचलं. बोझिदार माल्कोविच, तेही प्रशिक्षक. हे नाव मला नवीन नाही. आमच्या वेळी युगोस्लाव्हियाचा खेळ आम्हाला ऐकूनच ठाऊक, पण स्प्लिट शहरातल्या युगोप्लास्टिका क्लबचं नाव आमच्या सरांच्या तोंडी असायचं. 1989 आणि 1990 अशी दोन वर्षं त्या पोरसवदा संघानं युरोपचा कप नेला, दुसऱ्या वर्षी फायनलमध्ये बार्सिलोनाला हरवून. मग हे गृहस्थ बार्सिलोनालाच गेले, 1991 ची फायनल गाठली, आणि समोर कोण, तर त्यांचीच जुनी स्प्लिटची पोरं. हरले. पुढे लिमोजला 1993 मध्ये आणि अथेन्सच्या पानाथिनाइकोसला 1996 मध्ये कप मिळवून दिला. चार कप, तीन क्लब. त्या 1991 च्या रात्री मारिना नऊदहा वर्षांची असेल. बापानं घडवलेल्या पोरांनीच बापाला हरवलंय, आणि घरात ही एवढीशी मुलगी. या जागी मी वही मिटून बराच वेळ बसलो. कारण ते घर मला माहीत आहे. आपलंही तसलंच होतं, फक्त सिमेंटचं मैदान आणि महावितरणची नोकरी असलेलं.

एवढ्या मोठ्या बापाची मुलगी, तिला कुठंही चांगल्या जागी बसता आलं असतं. तिनं सुरुवात केली ती बेलग्रेडच्या उश्चे क्लबपासून. तू समासात लिहिलंयस, उश्चे म्हणजे संगम, सावा आणि डॅन्यूबचा. मला ते आवडलं. मग व्रशात्स गावचं हेमोफार्म, मग पार्टिझान. पार्टिझानला तिनं देशाची लीग पुन्हा पुन्हा जिंकून दिली. तरी लोक काय म्हणत असतील ते मला सांगायला नको. मैदानावर तुझ्याबद्दलही तेच म्हणायचे, 'सरांची पोरगी आहे ना, म्हणून.' तू ऐकायचीस आणि पाण्याचा कॅन उचलून पुढे जायचीस. मी एकदाही कोणाला थांबवलं नाही. थांबवलं तर अजून बोलतील असं वाटायचं.

2011 मध्ये तिच्याकडे देशाचा महिला संघ आला. 2013 च्या युरोपियन स्पर्धेत चौथा नंबर, निळ्या शाईत. चौथा नंबर किती वाईट असतो ते खेळणाऱ्यालाच कळतं. सातवं आलं की माणूस गाढ झोपतो, चौथं आलं की नाही. आणि मग 2015 चं बुडापेस्ट. या पानावर तू इतकं गिचमिड लिहिलंयस की मला भिंग घ्यावं लागलं. 28 जून, फायनल, फ्रान्स, 76-68. आना दाबोविच स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू, बहीण मिलित्सा कॅप्टन. सर्बियाच्या महिलांचं पहिलं युरोपियन सोनं, आणि त्याच विजयानं ऑलिम्पिकचं दार पहिल्यांदा उघडलं. सगळा देश मिळून सत्तर लाख माणसंसुद्धा नाहीत, आपल्या विदर्भात त्याच्या तिपटीनं असतील. जिंकून आलेल्या संघाला बेलग्रेडमध्ये नगरसभेच्या सज्जात उभं करतात म्हणे आणि खाली चौक भरून माणसं असतात. तो सज्जा बघून ये. मला त्याचा एक फोटो पाठव, त्यात तू असलीस तर बरं.

आता रिओ. इथं मला तुझ्याशी थोडं सविस्तर बोलायचं आहे, थांबवू नकोस.

ऑगस्ट 2016, पहिल्याच सामन्यात स्पेनकडून हार. 8 तारखेला कॅनडाकडून. 10 तारखेला अमेरिकेनं 110-84 असं धुतलं. पहिले तीन सामने, तिन्ही गेले. युरोपचे विजेते म्हणून आलेला संघ, पहिलीच ऑलिम्पिक, आणि गटात भोपळा. तू तीन ओळी लिहिल्या आहेस. तीनच. लगेच पुढच्या पानावर हिरवं: सेनेगलला हरवलं, चीनला हरवलं, गटात चौथे येऊन कसेबसे पुढे गेले, आणि उपांत्यपूर्व फेरीत गटातला एकही सामना न हरलेल्या ऑस्ट्रेलियाला 73-71 नं काढलं. स्पेनकडून पुन्हा हार, आणि 20 तारखेला फ्रान्सला 70-63 नं हरवून ब्राँझ. हे सगळं खरं आणि अभिमानाचं. पण मीनू, 10 आणि 11 ऑगस्टच्या मधली रात्र तुझ्या वहीत नाही. बारा मुली आपापल्या खोलीत, एकमेकींच्या गळ्यात पडून रडतील, घरी फोन लावतील. त्यांची वाट ठरलेली आहे. हिनं काय केलं? सकाळी त्याच बारा जणींसमोर उभं राहून सेनेगलचं बोलायचं आहे, चेहऱ्यावर काहीही दिसू न देता. आणि ऑलिम्पिकमध्ये पदकसुद्धा खेळाडूंच्याच गळ्यात पडतं, प्रशिक्षकाला मिळत नाही. पराभवाचा वाटा मात्र पूर्ण मिळतो.

याचीच मला काळजी आहे. राजीनामा, पगार, लग्न हे सगळं मी तोंडानं बोललो, भांडलो त्यावरून, पण पोटात हेच होतं. तू हरशील. कोणीही हरतं. हरल्यावर तू कुठे बसशील?

मुली उठताबसता पदक जिंकत नाहीत हे मला कळतं, आणि तू आता शिकायला गेली आहेस, क्लबच्या लहान मुलींना हात लावणार आहेस तेवढंच, हेही कळतं. तरी सांगतो. डाव चुकला तर तो तुझा चुकला असं म्हणायचं, मुलीचा नाही. सामन्यानंतर पहिला अर्धा तास कोणालाही काही शिकवायचं नाही. भाषा येत नाही म्हणून आवाज चढवायचा नाही, आवाजाला भाषांतर लागत नाही, लेकरांना तो बरोबर कळतो. हरल्यावर रिकाम्या पोटी झोपायचं नाही. आणि हिवाळ्यात गुडघ्याला नी-कॅप न लावता डेमो द्यायचा नाही, तिथं बर्फ पडतं, थंडीत तुझा गुडघा कसा धरतो ते गोरेवाड्याच्या पिकनिकला सगळ्यांनी बघितलंय.

परत भाषण सुरू झालं. माफ कर. सव्वीस वर्षं संध्याकाळी साडेपाचला शिटी वाजवून बोलायची सवय, घरातही सुटली नाही.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. ही आईलाही माहीत नाही, म्हणजे आज दुपारपर्यंत नव्हती. आज तिला सांगितली.

2009 ची अमरावतीची फायनल आठवते? तू अकरा वर्षांची होतीस, ताप होता म्हणून घरी ठेवलं होतं. मी रात्री दीडला आलो आणि सांगितलं की बस बंद पडली. बस बंद पडली नव्हती. साडेनऊला गणेशपेठ स्टँडवर उतरलो. मुलींना एकेक करून त्यांच्या घरच्यांच्या ताब्यात दिलं, आणि मग मी फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर बसलो. चार तास बसलो. समोरून गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, कंडक्टर गावांची नावं ओरडत होता. वर्धा, हिंगणघाट, चंद्रपूर. एकदा वाटलं, चढावं कुठल्याही गाडीत. शेजारी चहावाल्यानं न मागता कप ठेवला, तो तसाच गार झाला.

एका गुणानं हरलो होतो, तेवढंच तुला माहीत आहे. पुढचं ऐक. आठ सेकंद उरले होते आणि मी टाइमआउट घेतला. साइडचा बॉल आपला. मी खडूनं फरशीवर डाव काढला, शेवटचा शॉट आपल्या सगळ्यात चांगल्या शूटरकडे. तिचं नाव लिहीत नाही, तुझ्या लक्षात येईल. ती म्हणाली, 'सर, माझा हात थरथरतोय, दुसरीला द्या.' अगदी हळू म्हणाली. मी ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण डाव काढून झाला होता आणि तो मला फार आवडला होता. बॉल तिच्याकडे आला, रिंगला लागून बाहेर पडला. शिटी झाली. मी सगळ्यांसमोर, तिच्या वडिलांसमोर, तिच्यावर ओरडलो. जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती येताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसली होती, नागपूर येईपर्यंत हलली नाही. त्यानंतर ती मैदानावर कधीच आली नाही. पंधरा वर्षांची होती. चार वर्षं मी तिला डाव्या हातानं लेअप शिकवला होता.

बाकावर बसून मी हेच बघत होतो. तिच्या घरी जावं, दार वाजवावं, माफी मागावी, असं किती वेळा मनात आलं. उठलोच नाही. आणि घरी येऊन खोटं बोललो.

तू ओसरीवर चादर घेऊन जागी बसली होतीस. ताप उतरला होता. विचारलंस, 'बाबा, हरलात?' मी म्हटलं, झोप. सकाळी मी दात घासत असताना तू मागे येऊन उभी राहिलीस आणि विचारलंस, 'शेवटचा बॉल कोणाला द्यायचा हे कोणी ठरवलं?' मी तुला म्हणालो, 'तुला काय कळतं त्यातलं.' तू गेलीस आतमध्ये. मीनू, त्या दिवशी अख्ख्या नागपुरात तो प्रश्न विचारणारी तू एकटी होतीस. मैदानावरचे सगळे मला म्हणत होते, सर, पोरीनं घालवला. प्रशिक्षक तू त्याच सकाळी झाली होतीस आणि मी तुला गप्प केलं. पंधरा वर्षं उशीर झाला, पण उत्तर देतो. मी ठरवलं. माझं चुकलं.

म्हणून या बाईंच्या निळ्या ओळी मला टोचतात. मला माहीत आहे त्या बाकावर काय होतं ते. माणूस एकटा बसला की आधी स्वतःला खातो आणि मग दुसऱ्याला खायला उठतो.

त्यांची 2021 ची पानं मी सगळ्यात जास्त वेळा वाचली. 2019 मध्ये घरच्या मैदानावर, बेलग्रेडलाच, तिसरा क्रमांक. मग साथीचं वर्ष. मग व्हॅलेन्सिया, 27 जून 2021, पुन्हा फायनल, पुन्हा फ्रान्स, 63-54. दुसरं युरोपियन सोनं. एका देशाच्या मुलींना चोपन्न गुणांवर रोखायचं म्हणजे चाळीस मिनिटं प्रत्येक पावलाला कोणीतरी आडवं उभं राहिलेलं असणार. सोन्या वासिच त्या स्पर्धेची सर्वोत्तम. आणि तिथून एक्केचाळीस दिवसांनी, 7 ऑगस्टला, टोकियो ऑलिम्पिकच्या ब्राँझच्या सामन्यात तोच फ्रान्स समोर, आणि 91-76. मी दिवस बोटांवर मोजले, दोनदा. चोपन्नवर अडवलेल्या संघानं दीड महिन्याच्या आत एक्क्याण्णव केले. रिओचं ब्राँझ ज्यांच्याकडून घेतलं होतं त्यांनीच टोकियोचं नेलं. यावर तुझी एक निळी ओळ: 'चौथा क्रमांक.' बस्स.

पण मग मी पान उलटलं आणि ती बाई तिथंच होती. 2023, इस्तंबूलचा फेनरबाखचे क्लब, प्रागची फायनल, 99-60, युरोलीग, म्हणजे बापानं जिंकलेला तोच युरोपचा कप, महिलांचा. त्याआधी 2018 मध्ये गालातासरायला युरोकप, फ्रान्समध्ये ल्योंचा संघ. बापाचे चार कप, मुलीचा एक, आणि बापाकडे नसलेली राष्ट्रीय संघाची दोन सोनी. 2024 ला पॅरिसमध्ये उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाकडून 85-67 हार, पुन्हा निळं. मला मोठं कौतुक वाटलं ते या सगळ्या हिरव्याचं नव्हे. एवढ्या निळ्या ओळींनंतर दर वेळी पुढच्या पानावर तिचं नाव आहे, त्याचं. व्रशात्स, बेलग्रेड, ल्यों, इस्तंबूल, शांघाय. एवढी गावं, एवढ्या बॅगा. कोणीतरी असेल तिला हरल्यावर फोन लावायला. मला वाटतं बाप असेल. ज्याला 1991 ची ती रात्र माहीत आहे त्याला काही समजावून सांगावं लागत नसेल. हे माझं मनचं आहे, वहीत नाही. पण मला तसं वाटून घ्यायला बरं वाटतं.

तुझ्याबद्दल मी मैदानावर सांगितलं. कालच. मुली फ्री थ्रो मारत होत्या, त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं, मीनूताई बेलग्रेडला शिकायला गेली आहे. ती छोटी, तुझे जुने बूट घालून येते ती, तिनं विचारलं, 'सर, ती तिकडे हरली तर परत येईल का?' मी लगेच म्हटलं, नाही. इतक्या लगेच म्हटलं की माझंच मला आश्चर्य वाटलं. तू निघायच्या आदल्या रात्री मी तुला बरोबर उलटं बोललो होतो. 'बघू किती दिवस टिकतेस.' ते शब्द मी परत घेतो. परत घेता येत असतील तर.

वेळ मिळाला की पिओनिर हॉल बघून ये. आता त्याला अलेक्सांदर निकोलिच यांचं नाव आहे, युगोस्लाव्ह बास्केटबॉलचे जनक म्हणतात त्यांना. आत सोडलं तर बेंचवर थोडा वेळ बस. आणि कालेमेगदानच्या किल्ल्यावरून तो संगम दिसतो, तिथं जा. एकटीनं नको, ओळख झाली की कोणाला तरी घेऊन जा.

आत्ता आपल्यात साडेतीन तासांचा फरक आहे, ऑक्टोबर संपता संपता त्यांची घड्याळं मागे गेली की साडेचार. तुझे रात्रीचे दहा म्हणजे माझे दीड, नंतर अडीच. मी फोन उशाशी ठेवतो, आवाज पूर्ण मोठा करून. पिंट्यानं तुझ्यासाठी वेगळी रिंगटोन लावून दिली आहे. जिंकलीस तर आईला फोन कर, तिला आवडेल. हरलीस तर मला. काही बोलायचं नसेल तर नुसता लाव आणि ठेव बाजूला, मी धरून बसेन. मला बसायची सवय आहे.

आई विचारते आहे, पीठ चाळून दिलं होतं ते भिजवलंस का आणि मेथीचे लाडू बाकीच्या मुलींना वाटून टाकलेस ना. वाटले असशील तर तिला सांगू नकोस. आणि जमलं तर एकदा माझ्या फोनवरही 'पोचले' असं लिही. उशिरा का होईना.

तुझा
बाबा

ता. क. नी-कॅप दाराच्या खिळ्यालाच लटकलेली आहे. पुढच्या आठवड्यात शरदकाकांचा मुलगा दिल्लीहून निघणार आहे म्हणतात, त्याच्याकडे वही आणि नी-कॅप दोन्ही देतो.

वहीच्या शेवटच्या पानावर तू एक डाव काढला आहेस, पेन्सिलनं, पाच मुली. चौघींना बाण आहेत. पाचवी उजव्या कोपऱ्यात उभी, तिच्याकडे बॉल जात नाही, ती हलतही नाही. तिच्या डिफेंडरला खेचून ठेवायला तिला मुद्दाम तिथं ठेवलं आहेस, की तिचा बाण काढायचा राहिला? मी अर्धा दिवस विचार करतोय. कळव.